तसलं काही नाही ना?

मल्टिप्लेक्सच्या दारावर उभा असलेला सुरक्षारक्षक हा उपनगरातला सर्वांत कर्तव्यदक्ष माणूस. नॅपकिनात गुंडाळून, वर छत्री ठेवून, बॅगेच्या तळाशी दडवलेली चकलीची पिशवी तो दोन बोटांत शोधून काढतो. त्याच्या पाठीशी सर्वोच्च न्यायालय उभं आहे. बाहेरचे पदार्थ आत येऊ द्यायचे की नाही हे थिएटरमालकाने ठरवावं, पिण्याचं पाणी मात्र फुकट द्यावं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवू नये, असं न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत सांगून टाकलं. तेव्हा चकली बाहेर राहते. चकलीवाल्यांचा सहा वर्षांचा चिरंजीव मात्र बाबांचं बोट धरून ‘यूए १६+’ लिहिलेल्या सिनेमाला ऐटीत आत जातो. त्याला कोणी अडवत नाही. अडवताच येत नाही.

कायद्यातच तशी सोय आहे. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या दुरुस्तीवर ४ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची सही झाली आणि ‘यूए’ या सरसकट शिक्क्याचे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. त्याच कलमात पुढे म्हटलंय, की हे आकडे आईवडिलांनी किंवा पालकांनी विचारात घ्यायचे आहेत आणि त्यांची अंमलबजावणी त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणी करायची नाही. दारावरच्या माणसाला अडवायचा हक्क आहे तो फक्त ‘ए’ला. सरकार एरवी नागरिकाला स्वतःच्या गच्चीवर पत्रे टाकायचा अधिकारसुद्धा देत नाही. इथे पहिल्यांदाच एक अधिकार अख्खाच्या अख्खा आपल्या हाती आला, आणि आपण तो पॉपकॉर्नच्या टबाखाली टेकू म्हणून ठेवला.

हा अधिकार मिळायला चाळीस वर्षं गेली, तेही ऐकून घ्या. १९८३ पासून आपल्याकडे यूएची रेघ एकच होती, बारा वर्षांची. बाराच्या आतल्यांनी पालकांच्या देखरेखीखाली बघावं. म्हणजे बालवाडीतलं पोर आणि सहावीतला दांडगा एका खात्यात. आणि तेरा वर्षांची मुलगी व तिचे पासष्ट वर्षांचे आजोबा दुसऱ्या. मिसरूड, मुरुमं, दहावीचा क्लास, बंद दार, बहिणीशी अबोला हे सगळं वय सेन्सॉरच्या दप्तरी जन्मालाच आलेलं नव्हतं. अमेरिकेत ही मधली रेघ १९८४ सालीच पडली, आणि ती पाडण्यात आपल्या अमरीश पुरींचा हात होता. अक्षरशः हात. ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’मध्ये त्यांनी जिवंत माणसाच्या छातीत तो घातला आणि काळीज बाहेर काढलं. तिकडचे आईबाप चवताळले, त्याच उन्हाळ्यातल्या ‘ग्रेमलिन्स’ने तेल ओतलं, आणि १ जुलैपासून ‘पीजी-१३’ नावाचा नवा शिक्का सुरू झाला. माणूस आपला, गोष्ट भारतात घडणारी, आणि सोय झाली त्यांच्या पोरांची! आपल्याकडे श्याम बेनेगल यांच्या समितीने २०१६ मध्ये १२+ आणि १५+ असे टप्पे सुचवले होते. ती शिफारस कपाटात पडून राहिली ती स्वतःच ७+ होईपर्यंत. मग कायदा आला, २०२४ च्या मार्चमध्ये नियम आले आणि त्या वर्षाच्या शेवटाकडे पोस्टरवर आकडे दिसू लागले.

दिसू लागले, वाचू लागले असं म्हणालो नाही. प्रमाणपत्र सिनेमाच्या सुरुवातीला दहा सेकंद पडद्यावर दाखवावं लागतं. त्या दहा सेकंदांत आपण मोबाइलच्या उजेडात ‘एफ’ रांग शोधत असतो आणि आपल्या जागेवर बसलेल्या गृहस्थांना तिकीट दाखवत असतो. तिकीट काढताना अ‍ॅपवर आकडा असतो, पण तेव्हा डोळे ऑफरवर आणि कोपऱ्यातल्या सीटवर. अंधेरीच्या लोकांना तरी तो दिसावा, ही किमान अपेक्षा. यारी रोड, लोखंडवाला, आरामनगर या पट्ट्यात दर तिसऱ्या घरी कोणीतरी सिनेमा लिहितोय, कापतोय नाहीतर त्यातलं रक्त कसं दिसावं हे ठरवतोय. पण स्वयंपाक्याने घरचं जेवण चाखू नये तसं आहे ते.

मग आपण सिनेमा पारखतो कसा? शुक्रवारी रात्री सोसायटीच्या ग्रुपवर विचारून. मुलुंडच्या एका ग्रुपवरचा हा नमुना वाचा. ‘उद्या जायचा विचार आहे. मुलांना चालेल ना? तसलं काही नाही ना?’ तीन मिनिटांत उत्तर येतं, ‘नाही हो, एकदम फॅमिली मूव्ही. फायटिंग आहे थोडी.’ ‘थोडी म्हणजे?’ ‘दोन-तीन मुंडकी.’ ‘मग ठीक.’ खाली चार अंगठे.

या संवादात आपली अख्खी पालकनीती आली. आपल्याला मुलाला काय सोसेल याची चिंता नसते. मुलाच्या शेजारी बसून आपल्याला काय सोसवेल, याची असते. पडद्यावर माणूस उभा चिरला तर आई पॉपकॉर्न पुढे करते. पडद्यावर दोन माणसं जवळ आली की तिला अचानक पर्समधला रुमाल सापडत नाही, बाबांना पार्किंगची पावती आठवते आणि चौदा वर्षांचा मुलगा छताकडे बघत बसतो. तिघांनाही ठाऊक असतं की इतर दोघे काय करतायत. सिनेमा ‘योग्य’ ठरतो तो ही अर्ध्या मिनिटाची अडचण नसेल तर. प्रमाणपत्र मुलाचं म्हणून मागितलं जातं. ज्याची कुचंबणा मोजली जाते तो पालक असतो.

‘छावा’ आला १४ फेब्रुवारी २०२५ ला. शिक्का यूए १६+. आता शंभूराजांचा इतिहास मराठी मुलांना कळायला हवा, यावर माझं कोणाशी भांडण नाही. उलट तो चौथीच्या इतिहासापलीकडे कळावा म्हणून मी कोणाशीही भांडेन. पण त्या महिन्यात बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत कुठल्याही खेळाला जाऊन बसलं असतं तर काय दिसलं? पहिली-दुसरीतली पोरं. काही मावळ्याच्या वेषात, कपाळाला चंद्रकोर. शेवटच्या भागातले ते हालहाल, ती गरम सळई, ते मीठ, सगळं त्या पोरांनी पूर्ण पडद्यावर पाहिलं, पूर्ण आवाजात ऐकलं. हुंदके देत घोषणा देणाऱ्या चिमुरड्यांचे व्हिडिओ त्यांच्याच आईवडिलांनी काढले आणि ते गावभर फिरले. खाली प्रतिक्रिया काय? ‘संस्कार!’

मी ज्या खेळाला होतो तिथे पुढच्या रांगेतली एक मुलगी, असेल सात वर्षांची, आईच्या ओढणीत तोंड घालून बसली होती. आई तिची हनुवटी धरून तोंड पडद्याकडे वळवत होती. ‘बघ, बघ, आपल्यासाठी सोसलंय त्यांनी.’ ओढणी मुलीने बरोबर निवडली होती. सोळाचा आकडा छापणाऱ्या समितीचं जे मत होतं तेच तिचं.

आणखी एक गंमत. याच घरांत शिवाजी सावंतांची ‘छावा’ कादंबरी कपाटात असते. दहावीतल्या मुलाने ती मागितली तर उत्तर ठरलेलं असतं: ‘अरे, केवढी जाड आहे ती! आधी बोर्ड होऊ दे.’ म्हणजे वाचायला सोळा कमी आणि बघायला सहा पुरे.

आता दुसरी बाजू बघा. ४ ऑगस्ट २०२३ ला त्या कायद्यावर सही झाली म्हणालो ना, त्यानंतर बरोबर आठवड्याने, ११ ऑगस्टला, ‘ओएमजी २’ प्रदर्शित झाला. एक शाळकरी मुलगा. शाळेच्या स्वच्छतागृहात त्याने केलेल्या हस्तमैथुनाचा व्हिडिओ फिरतो, शाळा त्याला काढून टाकते, गाव हसतं. बाप आधी लाजतो, मग कोर्टात उभा राहतो आणि म्हणतो, मुलाला हे शिकवायचं कोणी होतं? शाळेत लैंगिक शिक्षण द्या. सिनेमात नग्नता नाही, मुंडकी नाहीत. कोर्ट आहे, पंकज त्रिपाठी आहे, आणि थोडं जास्तच भाषण आहे. सेन्सॉरने बदलांची लांबलचक यादी दिली आणि त्यानंतरही शिक्का मारला ‘ए’. ज्या वयाच्या मुलाची ही गोष्ट, त्या वयाच्या मुलाला ती पाहायची कायद्याने मनाई. नवे टप्पे कायद्यात लिहिलेले होते, शाई ओली होती, पण नियम यायचे होते. हाच सिनेमा दीड वर्षाने आला असता तर त्याला १६+ मिळाला असता का, हे पेडर रोडच्या सेन्सॉर कार्यालयालाच ठाऊक. मला मात्र खात्री आहे की मिळाला असता तरी आपल्या ग्रुपवरचं उत्तर वेगळं आलं नसतं. ‘तसलं आहे हो. मुलांना नका नेऊ.’ ‘बरं झालं सांगितलंत. मग ‘गदर २’ चालेल?’ तोही त्याच शुक्रवारी लागला होता.

सेन्सॉर तरी आपल्यापेक्षा काय निराळं वागतं? २०२५ च्या जुलैत ‘सुपरमॅन’ आला, यूए १३+. त्यातली तेहतीस सेकंदांची चुंबनं कापली गेली. शहरातल्या इमारती कोसळतात, त्या शाबूत. अख्खं महानगर दुभंगतं, तेही चालतं. तेरा वर्षांच्या मुलाने गगनचुंबी इमारत कोसळताना पाहावी. नायकाने नायिकेला जरा जास्त वेळ जवळ घेतलेलं पाहू नये. परळच्या चाळीत वाढून अंधेरीच्या टॉवरमध्ये राहायला आलेली आमची पिढी याला ‘आपली संस्कृती’ म्हणते. टॉवर पडण्याला आपण बहुधा पुनर्विकास समजतो.

रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ २०१३ च्या जानेवारीत येऊन गेला. त्यात हेच होतं. चाळीत एक प्रकरण घडतं, मोठी माणसं कुजबुजतात, मुलांनी विचारलं की गप्प बसवतात. मग मुलं आपल्यापरीने शोध घेतात आणि भाड्याच्या व्हीसीआरपर्यंत जाऊन पोहोचतात. सिनेमा धो धो चालला, आईबाप हसून हसून बेजार झाले. घरी येऊन त्यांनी मुलांना काही सांगितलं का, हे त्या मुलांना विचारायला हवं. ती आता तिशीकडे आलीत.

इतकं टोचल्यावर थोडं आईबापांच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर पुढच्या रविवारी मला सोसायटीत चहा मिळायचा नाही. बोरिवलीच्या वन-बीएचकेमध्ये चार माणसं. आईबाप दोघेही सकाळच्या फास्ट लोकलला. आजी-आजोबा कणकवलीला, सांभाळणारी बाई शनिवारी सुट्टीवर. महिन्यातून एकदा सिनेमा, तेवढीच चौघांची एकत्र चैन. धाकटा सहाचा, थोरली चौदाची. तिच्याजोगा सिनेमा निवडला की तो त्याला झेपत नाही, त्याच्याजोगा निवडला की ती मोबाइलमध्ये तोंड घालते. कोणाला घरी ठेवणार? शिवाय तीन वर्षांवरच्या पोराचंही पूर्ण तिकीट काढावं लागतं, मग ते पोर वसूल नको व्हायला?

वसुली हाच खरा घोळ. मुंबईचा माणूस पैसे भरून घेतलेली सीट अर्ध्यात सोडत नाही. ते त्याच्या रक्तात नाही. मुलगा मध्यंतराला म्हणतो, ‘बाबा, घरी जाऊ या’, तर बाबा समोसा घेऊन देतात. ‘आता संपेलच.’ तेराशे रुपये गेलेले असतात, ते पोराच्या झोपेसकट जातात. पुढच्या आठवडाभर ते पोर रात्री दिवा चालू ठेवून झोपतं आणि आई पंख्याखाली बसून विचार करते, की दृष्ट कोणाची लागली.

बाकी चौदा-पंधराच्या मुलांना आपण काय दाखवायचं हे ठरवतोय, ही समजूत गोडच आहे. ‘कबीर सिंग’ २०१९ मध्ये ‘ए’ शिक्क्याने आला तेव्हा आधार कार्डावरचं जन्मसाल मोबाइलवर बदलून आत शिरलेल्या पोरांच्या बातम्या छापून आल्या होत्या. ज्या देशात बापाला आधारवरचा पत्ता बदलायला तीन खेटे पडतात, तिथे पोराने लोकलच्या दोन स्टेशनांत जन्मसाल बदललं! आता तेवढाही खटाटोप नको. ‘अ‍ॅनिमल’ कोणी थिएटरात पाहिला नसेल, पण त्यातली हाणामारी तुकड्यातुकड्यांनी प्रत्येक नववीतल्या मुलाने रील्समध्ये पाहिलीय, आणि तीही आगापिछा सोडून. तुम्ही जो सिनेमा ‘नको’ म्हणता त्यातलं नको असलेलं तेवढंच त्याच्यापर्यंत पोहोचतं. बाकी, म्हणजे कोणी रडलं, कोणाला पस्तावा झाला, कोण एकटा पडला, ते तुमच्या ‘नको’मुळे राहून जातं.

घरातल्या पडद्याला कुलूप आहे म्हणता? आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीवाल्यांना हेच वयाचे टप्पे लावले, १३+ आणि त्यावरच्यांना पालकांसाठी कुलपाची सोय करायला सांगितली, आणि ‘ए’साठी वय पडताळायला. ते कुलूप घरात बसवलं कोणी? ज्याला बसवता येतं त्याने, म्हणजे मुलाने. पिन काय? बाबांचं जन्मसाल. तो विसरून बाबाच हाक मारतात, ‘अरे, ते जरा उघडून दे रे.’

पण याच ओटीटीकडून एक चांगली गोष्ट घ्यावी. कार्यक्रम सुरू होताना कोपऱ्यात वयाच्या आकड्याखाली कारण लिहिलेलं असतं: हिंसा, शिवराळ भाषा, अमली पदार्थ, भीतिदायक दृश्यं. थिएटरच्या पोस्टरवर नुसताच आकडा. १६+ कशापायी, हे कोण सांगणार? शिव्यांमुळे असेल तर मी पंधरा वर्षांच्या मुलीला बिनधास्त नेईन. विरार लोकलच्या दारात ती रोज त्याहून समृद्ध शब्दसंग्रह ऐकते. सोललेली माणसं असतील तर सतराच्या मुलालाही आधी विचारेन. ब्रिटनमधलं मंडळ प्रत्येक सिनेमाला चार ओळींत कारण लिहून देतं, कुठल्या तऱ्हेची हिंसा, किती, कशाच्या ओघात. आपल्या मंडळातली समिती सिनेमा बसून बघते, चर्चा करते, कापाकापीची यादी निर्मात्याला देते. तिकीट काढणाऱ्याच्या वाट्याला मात्र दोन अंक आणि एक अधिकचं चिन्ह.

तोवर ग्रुपवरचा प्रश्न तरी बदलून बघा. ‘तसलं काही नाही ना’ ऐवजी विचारा: मार लागलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते दाखवलंय का? मुलीला छेडणारा नायक शेवटी तिलाच मिळतो का? कोणाच्या जातीवर, रंगावर, जाडीवर हशा आहे का? लहानग्याला घेऊन उठावं लागेल अशी जागा मध्यंतराआधी आहे की नंतर? चौघांनी तरी विचारलं तर पाचवा उत्तर शोधायला लागेल.

किंवा सरळ थोरलीला विचारा. घाटकोपरचे आमचे एक स्नेही तेच करतात. त्यांची नववीतली लेक सिनेमाची सगळी बातमी आधीच काढून ठेवते: कुठल्या भागात रक्त आहे, कुठे नाच आहे, शेवट कसा. गेल्या महिन्यात बाबा एका ‘ए’ सिनेमाला एकटेच निघाले होते. ती म्हणाली, ‘बाबा, नका जाऊ. मागच्या वेळी तुम्ही दोन रात्री झोपला नव्हतात. आणि आईला तेव्हाही सांगितलं नव्हतंत.’

ते गेले नाहीत. दोघांनी मिळून घरी ‘फँड्री’ लावला. शेवट झाल्यावर बाबांना रुमाल लगेच सापडला, आणि लेकीने तो मागूनही घेतला.